उकळून उपयोग नाही

माझे सासरे उभी नोकरी एका मध्यम आकाराच्या शहराला पाणी पाजत होते. वाक्य त्यांचंच आहे. पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर म्हणून लागले आणि त्याच खात्यातून शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडले. शहराचं नाव ते न विचारता सांगतात, म्हणून मी ते इथे सांगत नाही. त्यांच्यासाठी काहीतरी शिल्लक ठेवायला हवं.

सासूबाई गेल्यानंतरच्या वर्षी ते आमच्याकडे ऑकलंडला आले, माउंट रॉस्किलमधल्या आमच्या भाड्याच्या घरात. इथे ज्याला वसंत म्हणतात ती थंडी चालू होती. पहिल्याच सकाळी त्यांनी ओट्याखालून सगळ्यात मोठं पातेलं काढलं, नळाखाली धरलं आणि शेगडीवर चढवलं.

"बाबा, इथे नळाचं पाणी थेट पितात," बायको म्हणाली.

"पिऊ देत की," ते म्हणाले. "मी कुठे अडवतोय त्यांना?"

पाणी खळखळून उकळायचं, वर आणखी थोडा वेळ उकळू द्यायचं, झाकून गार करायचं, दुपदरी फडक्यातून गाळायचं आणि तांब्याच्या कळशीत भरायचं. कळशी त्यांनी सामानातून आणली होती, लोकरीच्या शालीत गुंडाळून. विमानतळावर जैविक तपासणीच्या बाईने ती उघडून आत बघितलं आणि ती रिकामी आहे याचं तिला जास्तच आश्चर्य वाटलं.

इथल्या जुन्या लाकडी घरांच्या काचा थंडीत आतून घामेजतात. सासऱ्यांच्या पातेल्यामुळे त्या वाहू लागल्या. पडद्यांच्या कडेला बुरशीचे काळे ठिपके उगवले. घर तपासायला आलेल्या एजंटबाईने काचेवरून बोट फिरवून विचारलं, तुम्ही घरात कपडे वाळवता का? मी म्हटलं, नाही, पाणी वाळवतो. ती हसली नाही.

सासऱ्यांना मी काही म्हणू शकत नव्हतो. जावयाने सासऱ्याला आणि सासऱ्याने जावयाला तोंडावर चूक म्हणायचं नाही, हा आमच्याकडचा जुना तह आहे. दोघांनीही आपापला गढूळपणा माझ्या बायकोकडे सोडायचा आणि तिने तो गाळून पलीकडे द्यायचा. घरातलं खरं शुद्धीकरण केंद्र तेच होतं, आणि ते वरचेवर बंद पडायला आलेलं असे.

पण पातेलं ही काही अडचण नव्हती. अडचण अशी होती की सासऱ्यांचं परतीचं तिकीट एप्रिलचं होतं आणि डिसेंबरपासून ते "जानेवारीअखेरीचं करून दे" म्हणून मुलीच्या मागे लागले होते. कारण एकच. "इथे माझं काय काम आहे?" नळ गळला तर मालक माणूस पाठवतो. दिवे जात नाहीत. पाणी चोवीस तास येतं, त्याबद्दल कुणी भांडत नाही, कुणी मोर्चा आणत नाही. ज्याने आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या, त्याला तक्रार नसलेल्या देशात करमणार कसं?

बायकोला ते राहायला हवे होते. निदान एप्रिलपर्यंत, आणि जमलं तर पुढेही. पण ती तसं म्हणत नव्हती, कारण म्हटलं की ते नाही म्हणणार, आणि एकदा नाही म्हटलं की बदलणार नाहीत. हा गुण तिच्यातही आहे, त्यामुळे तिला तो लांबून ओळखता येतो. सँडरिंगहॅमच्या वाणसामानाच्या दुकानात गेलो की ती तांदळाच्या मोठ्या पोत्याला हात घालायची आणि बाबा शेजारून म्हणायचे, "छोटी पिशवी घे गं. मी काय, चाललोच आहे." ती छोटी पिशवी घ्यायची आणि तरातरा गाडीकडे चालू लागायची.

म्हणून जानेवारीच्या सुट्टीत तिने एका तळ्याकाठी चार दिवसांसाठी बॅच भाड्याने घेतली. बॅच म्हणजे शहरातल्या घरांतून हाकललेलं फर्निचर जिथे निवृत्तीचं आयुष्य काढतं ते सुट्टीतलं घर. बाबांना मोकळी हवा मिळेल, आमच्या अकरा वर्षांच्या मुलीबरोबर ते काठावर फिरतील, तिकिटाचा विषय मागे पडेल, अशी तिची योजना होती.

तळं हिरवं होतं. कॅलेंडरावर असतं तसं हिरवं नव्हे. कुणीतरी पालकाची पातळ भाजी करायला घेऊन मध्येच सोडून दिली असावी तसं. काठाला तर रंगाचा डबा लवंडल्यासारखा जाड थर आला होता, आणि त्याला कापून ठेवलेल्या ओल्या गवताचा वास होता.

"इट्स लिटरली माचा," मुलगी म्हणाली, म्हणजे जपानी हिरवा चहा. टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, तिने घरूनच आत घातले होते.

होड्या उतरवायच्या जागी लाल फलक होता. पोहणाऱ्या माणसावर काट, कुत्र्यावर काट, नळावर काट. फलकाच्या खालीच एक बदक निवांत तरंगत होतं. त्याला वाचता येत नसावं.

स्वयंपाकघरातही घरमालकाची सूचना प्लॅस्टिकमध्ये बंद करून भिंतीवर चिकटवलेली होती. या घराचं पाणी तळ्यातून पंपाने येतं, एका गाळणीतून आणि जंतू मारणाऱ्या एका निळ्या दिव्याखालून जातं. एरवी ठीक आहे. पण बाहेर लाल फलक असेल तेव्हा हे पाणी पिऊ नका. उकळून उपयोग नाही. रस्त्यावरच्या डेअरीत पाण्याचे कॅन मिळतात. आणि शेवटी एक हसरा चेहरा.

सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन ती वाचली. मग पुन्हा वाचली.

"हे कोणी लिहिलंय?"

"घरमालकाने," बायको म्हणाली.

"करतो काय तो?"

"दातांचा डॉक्टर आहे."

"तरीच," ते म्हणाले आणि चष्मा वर गेला.

आम्ही तिघं कॅन आणायला डेअरीत गेलो. डेअरी म्हणजे इथलं नाक्यावरचं दुकान. दूध मिळतं, पण त्याशिवाय पावापासून मासे पकडायच्या गळापर्यंत सगळं मिळतं. दुकानदार म्हणाला की या उन्हाळ्यात पाणी हीप्स, म्हणजे चिक्कार, खपलंय, स्वीट अ‍ॅज, एकदम मस्त. तळ्याचं वाईट झालं याचं दुःख त्याने पाण्याचे कॅन रचून आवरतं घेतलं होतं.

परत आलो तर बॅचमधलं सगळ्यात मोठं पातेलं शेगडीवर खळखळत होतं आणि सासरे त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे होते. दुपारी आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष सपत्नीक चहाला येणार होते. तळ्याच्या पलीकडच्या काठावर त्यांचा तंबू होता. "चहा मी करणार," असं सासऱ्यांनी आधीच जाहीर केलेलं होतं.

"बाबा, ते पाणी ओतून टाका," बायको म्हणाली.

"का?"

"तिथे लिहिलंय ना."

"दाताच्या डॉक्टरनं लिहिलंय." ते माझ्याकडे न बघता मुलीला म्हणाले, "अगं, खळखळ उकळलेल्या पाण्यात कुठला जंतू टिकतो? हे मला शिकवायचं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा म्हणत होता, आज केंद्र बंद आहे. तुमचं तुम्ही बघा.

मग मी तह मोडला. "जंतू मरतात, बाबा," मी म्हटलं. "पण जंतू ही अडचणच नाही. त्यांच्या पोटात विष असतं. उकळलं की ते फुटतात आणि विष पाण्यात येतं. ते उकळून जात नाही. पाणी आटलं तर उलट दाट होतं." हे ज्ञान मी डेअरीच्या रांगेत उभं राहून फोनवर मिळवलं होतं, म्हणजे ते ताजं होतं, पण खोल नव्हतं. सुदैवाने सासऱ्यांनी त्याची खोली मोजली नाही.

"कुठले जंतू?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच थेट मला.

"शेवाळ म्हणतात, पण शेवाळ नव्हे. निळे-हिरवे जिवाणू."

"सायनो," ते म्हणाले.

"म्हणजे माहितीये तुम्हाला!" बायको म्हणाली.

"नाव माहितीये. आमच्या धरणाला उन्हाळ्यात यायचं ना. पाणी हिरवं दिसलं की आम्ही क्लोरीन वाढवायचो आणि..." ते थांबले. त्यांनी पातेल्यात बघितलं. मग शेगडी बंद केली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले, तळ्याकडे तोंड करून.

"झालं," बायको हळूच म्हणाली. "आता आजच तिकीट बदलायला सांगतील."

मलाही तसंच वाटलं. माणसाकडे एकच काम उरलेलं असावं आणि दातांच्या डॉक्टरने तेही काढून घ्यावं, तर त्याने राहावं कशासाठी? मी मनातल्या मनात विमान कंपनीच्या फोनवरचं संगीत ऐकायला सुरुवात केली.

पण ते आत आले ते वेगळ्याच चालीने. "जावईबापू," ते म्हणाले, "या घरात काचेचे ग्लास किती आहेत?"

ग्लास पुष्कळ होते. बॅचमध्ये पिण्याचं पाणी नसलं तरी पिण्याचे ग्लास भरपूर असतात. सासऱ्यांनी बायकोला भांडी घासायचे रबरी हातमोजे मागितले, नळाचं ते फिकट हिरवं पाणी बादलीत घेतलं आणि आपल्या दाढीच्या पेटीतून तुरटीचा खडा काढला. दाढी झाल्यावर गालावर फिरवायचा, झिजून गुळगुळीत झालेला खडा. तो त्यांनी कागदात गुंडाळला आणि मालकाच्या लाटण्याने फोडला. ते लाटणं होतं की आणखी काही, याची खात्री मला अजून नाही.

"क्लोरीन हा दुसरा मुद्दा," ते म्हणाले. आवाजात एकदम खातं आलं होतं. "पहिला मुद्दा, यांना जिवंत बाहेर काढायचं. मारलं की पोटातलं सांडलं. तुरटी मारत नाही, तीच तिची खुबी. एकेकाला धरते, गोळा करते आणि अख्खं खाली नेते. आधी घराबाहेर काढायचं, मारामारी नंतर."

"लाइक अ बाउन्सर," मुलगी म्हणाली.

"तेच," सासरे म्हणाले. बाउन्सर म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं असं मला वाटत नाही.

एका ग्लासात चिमूट, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्यात आणखी जास्त, एक तसाच कोरा. आधी चमच्याने जोरात ढवळायचं, मग अगदी हळू. जोरात ढवळणं माझ्याकडे आलं, हळू ढवळणं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. थोड्या वेळाने पाण्यात पिंजलेल्या कापसासारखे हिरवट पुंजके दिसायला लागले. आम्ही चौघं ओट्यावर कोपर टेकून ते बघत होतो. सुट्टीत आमचं कुटुंब एका गोष्टीकडे एकत्र बघत असल्याचा हा दुर्मीळ प्रसंग होता.

दोन ग्लासांत पुंजके खाली बसले. तिसऱ्यात अर्धे वर चालले.

"हे उलटे का जातायत?" बायकोने विचारलं.

"यांच्या पोटात हवेचे फुगे असतात. उन्हासाठी वर यायला." सासरे खूश झाले होते. "अशांना खाली ओढण्यात अर्थ नसतो. काही केंद्रांत तर खालून मुद्दाम बारीक बुडबुडे सोडतात, सगळे वर आणतात आणि सायीसारखे काढून घेतात."

मधल्या ग्लासातलं पाणी स्वच्छ झालं होतं. सासऱ्यांनी तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, आता हे पिणार.

"बाबा, प्यायचं नाही हं," बायको म्हणाली. तिलाही तेच वाटलं होतं.

"कोण पितंय?" ते जरा जास्तच घाईने म्हणाले आणि ग्लास ओट्यावर ठेवला, कोऱ्या हिरव्या ग्लासाच्या शेजारी.

तेवढ्यात अध्यक्ष आले. जानेवारीच्या उन्हात त्यांनी पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि अंगात बिनबाह्यांचं जाकीट घातलं होतं. जाकिटाशिवाय त्यांना मी पाहिलेलं नाही. पोहतानाही ते बहुतेक जाकीट घालतच असावेत. "किआ ओरा आणि नमस्कार!" ते दारातूनच म्हणाले. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात ते अशीच करतात, आणि पुढे थांबायचं कुठे हे त्यांना कळत नाही.

त्यांची नजर ओट्यावरच्या दोन ग्लासांवर गेली. सासऱ्यांनी तुरटीचं सांगितलं, दोन वाक्यांत. अध्यक्षांना दोन वाक्यं पुष्कळ झाली.

"बघा!" ते म्हणाले. "हे आपलं पारंपरिक ज्ञान! ही मंडळी नुसते फलक लावतात. लाल रंग, काट, घाबरवायचं! आणि आपला एक ज्येष्ठ माणूस दाढीच्या खड्याने पाणी स्वच्छ करतो. संस्कृती म्हणतात ती ही! अगं, व्हिडिओ काढ." मागून आलेल्या वहिनींनी फोन वर केला. "एक घोट घेतो. म्हणजे ग्रुपवर टाकता येईल."

आणि त्यांनी स्वच्छ ग्लास उचलला.

सासऱ्यांना इतक्या चपळाईने हलताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. रबरी हातमोज्यातल्या हाताने त्यांनी ग्लास अध्यक्षांच्या ओठापासून हिसकावला. थोडं पाणी जाकिटावर सांडलं.

"अहो, ठेवा खाली!" ते ओरडले. "स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं, यात फरक करण्यात माझी उभी नोकरी गेली!"

वहिनींचा फोन चालूच होता.

"पण स्वच्छ तर आहे," अध्यक्ष रुमालाने जाकीट टिपत म्हणाले.

"पेशी गेल्या. पण त्यांतल्या काही आधीच फुटल्या असतील, तळ्यात, पंपात. त्यांचं विष यात साखरेसारखं विरघळलेलं असेल. ते तुरटीला दिसत नाही, तुम्हाला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही. त्याला वेगळा कोळसा लागतो, खास तयार केलेला. त्याला ते चिकटतं. मग शेवटी क्लोरीन, नीट मोजून, पुरेसा वेळ देऊन."

"म्हणजे नारळाची करवंटी जाळून घातली तर?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, दिशा अगदी बरोबर आहे," सासरे आदराने म्हणाले. "पण घरी जमणारं काम नाही. आणि हो, शेकोटीचाही कोळसा घालू नका."

अध्यक्षांना मागे राहणं जमत नाही. "मग सोपं आहे हो," ते म्हणाले. "उकळू या. प्रश्न मिटला."

शेगडीवर ते पातेलं तसंच होतं, कोमट. बायको एकदम सिंककडे वळून आधीच धुतलेला कप धुवायला लागली. माझं लक्ष भिंतीवरच्या हसऱ्या चेहऱ्याकडे गेलं.

सासऱ्यांनी घसा साफ केला.

"उकळून उपयोग नाही," ते म्हणाले. अगदी दातांच्या डॉक्टरच्या थाटात. मग त्यांनी कारणही सांगितलं, मी सांगितलं होतं त्यापेक्षा खूप चांगलं. माझ्याकडे एकदा तिरकं बघून पुढे म्हणाले, "आमच्या जावईबापूंनी सकाळीच हे लक्षात आणून दिलं."

एवढ्या वर्षांत मला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक. मी साखरेचा डबा पुढे केला.

पातेलं त्यांनी स्वतः उचललं आणि पाणी सिंकमध्ये ओतलं, सावकाश, एखाद्या जुन्या सहकाऱ्याला फाटकापर्यंत सोडायला जावं तसं. मग कॅनमधल्या पाण्याचा चहा केला. "याला चव नाही," असं दर घोटाला म्हणत दोन कप प्यायले. अध्यक्ष तोवर सावरले होते. मंडळाच्या पुढच्या सभेत सासऱ्यांनी 'पाणी: काल, आज आणि उद्या' या विषयावर बोलावं, असं त्यांनी जाहीर केलं. सासरे म्हणाले, "कालचं सांगेन. आजचं बघून घ्यावं लागेल. उद्याचं तुम्हीच बोला."

चार दिवसांत तळं हिरवंच राहिलं. मुलगी पोहली नाही. ती आणि आजोबा काठापासून सुरक्षित अंतरावर बसून येणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांना हटकत राहिले. आजोबा मराठीत सांगायचे, ती इंग्रजीत सांगायची, आणि कुत्री मुकाट्याने परत जायची.

ऑकलंडला आल्यावर दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरात पातेलं वाजलं नाही, म्हणून मी बघायला गेलो. सासऱ्यांनी नळाखाली ग्लास भरला होता आणि खिडकीच्या उजेडात धरला होता. बराच वेळ बघून त्यांनी अर्धा प्यायला. उरलेला अर्धा कढीपत्त्याच्या कुंडीत घातला.

"जावईबापू," मागे न वळता ते म्हणाले, "इथल्या केंद्रावर कोळशाची पूड तुरटीच्या आधी घालतात की नंतर?"

"माहीत नाही."

"तुम्ही रोज पिता आणि माहीत नाही?"

मुलगी शेजारी टोस्ट खात होती. तिची वर्गसहल मार्चमध्ये जलशुद्धीकरण केंद्रावर जाणार होती. बरोबर यायला घरच्या मोठ्या माणसांपैकी कुणी हवंच असतं, आणि बहुतेक आईबाप कामाचं कारण सांगून सुटतात. "आजोबा, यू कुड कम," ती म्हणाली.

आजोबांनी ग्लास विसळून पालथा घातला. तिकिटाबद्दल त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, त्या आठवड्यात कुणीच बोललं नाही. बायको विचारायला घाबरत होती आणि मी तह पुन्हा लागू केला होता.

शनिवारी सँडरिंगहॅमला गेलो. गाडीला जागा मिळेपर्यंत मिठाईच्या दुकानावरून तीन वेळा गेलो, दरवेळी सासऱ्यांनी मान वळवली. वाणसामानाच्या दुकानात बायकोने सवयीने तांदळाची छोटी पिशवी उचलली. बाबा शेजारी उभे राहून पोत्यांवरची नावं वाचत होते.

"ही कुणाला पुरते?" ते म्हणाले. "मोठं घे."

"मोठं एप्रिलच्या पुढे जाईल, बाबा."

"जाऊ दे ना मग." आणि माझ्याकडे वळून, "उचला, जावईबापू. कंबर सांभाळून."

मी पोतं उचललं. बायको कोथिंबिरीच्या जुड्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि एकेक उचलून बघायला लागली, पानं, देठ, मुळं. कोथिंबीर घरात होती. मला ते माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मी पोतं खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिलो, तिला हवा तेवढा वेळ.